डॉक्टरकाका मराठीत बोलले

पडद्यावर जेलनच्या हातातून बॉल सुटला. सहाव्यांदा. क्लिप मीच लावली होती, मीच कापली होती. खोलीत कोच होते, त्यांचे तीन-चार असिस्टंट होते, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत डॉक्टरकाका. काका माझ्याकडे झुकले आणि मराठीत म्हणाले, "सरकारचे जावई गं हे. आपल्याकडे काय, इथे काय. कितीही वाढा, हातात काही टिकायचं नाही."

मी हसले.

कोचनी मान वळवून विचारलं, "काय म्हणाले डॉक?"

"नथिंग, नथिंग. आमच्या गावाकडचा जुना जोक," काका इंग्रजीत म्हणाले. सगळे हसले. त्यांच्याबरोबर मी परत हसले. म्हणजे दोनदा हसले. हे लिहिताना मला पहिलं हसू चुकून आलं असं लिहायचा मोह होतोय. पण तसं नव्हतं. मला कळलं होतं, आणि कळून मी हसले. मग पुढची क्लिप लावली.

मी मिनेसोटात ईडन प्रेरीला राहते. तिथून तासाभराच्या ड्राइव्हवर एक प्रायव्हेट कॉलेज आहे, त्याच्या फुटबॉल टीमचे व्हिडिओ कापायचं काम करते. इथला फुटबॉल नावालाच पायाचा. एक खेळाडू लांबून बॉल फेकतो, दुसरा धावत जाऊन तो झेलतो. झेलणारा तो रिसीव्हर. हातात आलेला बॉल सुटला की त्याला ड्रॉप म्हणतात. जेलन रिसीव्हर होता, काळा मुलगा, दुसऱ्या वर्षाचा, स्कॉलरशिपवर आलेला. गेल्या सीझनपासून त्याचे ड्रॉप वाढले होते. त्याला अजून शिकवत राहायचं की दुसरं कॉलेज बघ म्हणायचं, हे ठरवायला ती मीटिंग होती. त्या दिवशी ठरलं नाही. आठवड्याने पुन्हा बसायचं ठरलं.

डॉक्टरकाका पुण्याचे. हाडांचे डॉक्टर. पंचेचाळीस वर्षांपूर्वी इथे आले. टीमच्या पोरांचे गुडघे त्यांनी आयुष्यभर सांधले, आता रिटायर होऊन कॉलेजच्या स्पोर्ट्स कमिटीवर आहेत. त्यांचा शब्द तिथे कुणी खाली पडू देत नाही. माझ्या नोकरीसाठी शब्द त्यांनीच टाकला होता. माझा व्हिसा त्याच नोकरीवर. पहिल्या महिन्यात काकांनी घरी जेवायला बोलावलं. गणपतीचे दिवस. काकूंनी मोदक वाढता वाढता विचारलं, "तुमच्यात गौरी उभ्याच्या असतात की खड्यांच्या?"

आमच्यात गौरी नसतात. आम्ही बौद्ध, आधीचे महार. नागपूरचे. मला दोन्हीतला फरक माहीत नव्हता. शेवटी ऐकलेला शब्द तोंडात होता, तो मी बोलून टाकला. "खड्यांच्या."

काकूंचा चेहरा फुलला. "अगंबाई! म्हणजे आमच्यातलीच की. मूळचे कोकणातले का गं?"

माझं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी कर. कुणाचंही असू शकतं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसती हलवली, आता सांगता येणार नाही. घरी येऊन मी खड्यांच्या गौरी म्हणजे काय ते फोनवर शोधलं. नदीवरून सात खडे आणून पुजतात. वाचलं आणि झोपले. पुढची तीन वर्षं मी त्या घरची पोरगी होते. काकू निघताना डब्यात चकल्या भरून द्यायच्या. मी त्या खाल्ल्या. छान असायच्या.

सरकारचे जावई हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नऊ वर्षांची होते. बाबा वीज बोर्डात लाइनमन होते. खांबावर चढायचे. परीक्षा देऊन देऊन ज्युनिअर इंजिनियर झाले. त्या दिवशी ऑफिसात वाटायला किलोभर पेढे घेऊन गेले. संध्याकाळी बॉक्स तसाच घरी. चार पेढे कमी. आईने विचारलं तर म्हणाले, "एक जण बोलला, जावयांचा पेढा आम्हाला पचत नाही. मग बाकीच्यांचाही हात मागे गेला." बाबांनी बॉक्स माझ्यापुढे ठेवला. "बरंच झालं. आपल्याला जास्त."

मी तीन खाल्ले. मला आनंद झाला होता.

नंतर इंजिनियरिंगला तो शब्द इतक्यांदा ऐकला की त्याचं काही वाटेनासं झालं. नोटीसबोर्डावर नावापुढे कॅटेगरी छापलेली असायची. वर्गात कुणी मुद्दाम मोठ्याने बोलायचं, मी वहीत बघत राहायची. मूग गिळून बसणं मला चांगलं जमतं. अमेरिकेत आले ते यासाठीच असं नाही म्हणणार, पण इथे नोटीसबोर्ड नव्हता हे खरं. कुणी विचारत नव्हतं. मराठी माणसं सोडून.

मीटिंगनंतर दोन दिवसांनी जेलन माझ्या खोलीत आला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कुठल्याशा लहान गावातला पोरगा, सगळ्यांना मॅम आणि सर म्हणणारा. उंच, सडसडीत, दारातून येताना उगाचच वाकणारा.

"मॅम, माझे ड्रॉप बघायचेत."

मी तीच रील लावली. त्याने एक बघितली, दोन बघितल्या, मग म्हणाला, "मॅम, ह्या सगळ्या बॉल हवेत असतानाच सुरू होतात. आधीपासून दाखवाल?"

क्लिप कुठून सुरू करायची हे मी ठरवते. खरं तर कोच सांगतात, मी करते. त्यांनी फक्त ड्रॉप मागितले होते. फक्त सुटणारे हात. मी सगळे प्लेज, म्हणजे प्रत्येक चाल, पहिल्यापासून लावले. आम्ही दोघं बसून बघत राहिलो. चौथ्या वेळी मला दिसलं. बॉल हातात यायच्या जरासा आधी तो मान वळवायचा. बॉलवरून डोळे काढून कोण अंगावर येतंय ते बघायचा. गेल्या सीझनमध्ये झेलताना त्याला एकाने फासळीत असा काही ठोकला होता की दोन आठवडे त्याला धड श्वास घेता येत नव्हता. तेव्हापासून हे सुरू.

"हात नाहीत, डोळे आहेत," मी म्हणाले.

त्याने ती क्लिप पुन्हा एकदा लावायला सांगितली. मग म्हणाला, "हे शिकता येतं, मॅम. हे मी शिकू शकतो." थँक्यू म्हणाला आणि गेला.

तो मोठा खेळाडू होईल की नाही मला माहीत नाही. मी तशी फुटबॉलमधली कुणी नाही. पण मी मग त्याच्याच वर्षाच्या दुसऱ्या, गोऱ्या रिसीव्हरचे ड्रॉप काढले. त्याचे आजोबा याच कॉलेजात खेळलेले, जिममध्ये त्यांचा फोटो आहे. ड्रॉप मोजले. दोघांचे सारखे. कोचच्या शेऱ्यांत एकापुढे लिहिलं होतं, कच्चा आहे, वेळ द्यावा. दुसऱ्यापुढे लिहिलं होतं, हात खराब. वेळ कुणाला आणि हात कुणाचे, हे सांगायला नको.

वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. मी रात्रीचं जेवण गरम केलं, उभ्यानेच खाल्लं. आणि मला बाबांचा बॉक्स आठवला. पेढे नाही, बॉक्स. दोरी सोडून पुन्हा बांधलेली होती. म्हणजे नाही म्हटल्यावर माझ्या बापाने तिथेच, त्या लोकांसमोर बसून, गाठ परत मारली होती. इतक्या वर्षांत हे मला कधी सुचलं नव्हतं. आणि मी त्याच शब्दावर हसून आले होते. मला माझी किळस आली. तेवढं मात्र स्पष्ट वाटलं.

पुढच्या मीटिंगला मी पडदा मधोमध विभागला. डावीकडे जेलन, उजवीकडे दुसरा. दोघांचे प्लेज पहिल्यापासून. शेवटी दोघांच्याही हातातून बॉल सुटतो. एक जोडी, दुसरी जोडी, तिसरी. कुणी सांगितलं नव्हतं, मी केलं. जेलनची मान वळते तिथे मी क्लिप थांबवली आणि सांगितलं की हा हातांचा प्रश्न दिसत नाही, डोळ्यांचा आहे. एक असिस्टंट म्हणाला, "हं. हे सुधारता येण्यासारखं आहे."

काका माझ्याकडे झुकले. "वकीलपत्र घेतलंस वाटतं त्याचं? अगं, ह्यांना डोक्यावर बसवलं की असंच होतं. फुकट मिळालं की किंमत नसते. जावई तो जावईच."

कोच हसत म्हणाले, "डॉक, आणखी एक जोक?"

खोलीतले सगळे हसायच्या तयारीत होते. मी खुर्ची जरा मागे घेतली.

"जोक नाही तो," मी इंग्रजीत म्हणाले. "मी सांगते काय म्हणाले ते."

"अगं पोरी," काका म्हणाले.

मी सांगितलं. शब्द न् शब्द. ह्या मुलाला ते सरकारचा जावई म्हणाले. मागच्या मीटिंगलाही म्हणाले होते. आमच्याकडे ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दारात उभं केलं नाही, त्यांच्यासाठी आता काही जागा ठेवलेल्या असतात. त्या जागेवर बसणाऱ्याला असं म्हणतात. अर्थ असा, की फुकट खाणारा. लायकी नसलेला. कितीही वाढा, हातात टिकत नाही, असंही म्हणाले होते. "मी त्या जागेवर बसून शिकले," मी म्हणाले. "माझे वडीलही. मागच्या वेळी मी हसले होते. ते माझं चुकलं."

आवाज चढला नव्हता. हवामान सांगावं तसं मी सांगितलं. कुणी माझ्याकडे बघेना. एकाने पेनचं टोपण काढलं, घातलं, काढलं.

काका मात्र बघत होते. चिडलेले नव्हते. हिशेब चुकल्यासारखे बघत होते. मग मराठीतच, अगदी हळू म्हणाले, "म्हणजे तुम्ही... त्यातले?"

तीन वर्षं मी तू होते. पोरी होते. अगं होते. एका क्षणात तुम्ही झाले. तो आदर नव्हता. त्या तुम्हीत मी होते, बाबा होते, आमची सगळी वस्ती होती. मी कधीच एकटी नव्हते त्यांच्या लेखी, फक्त त्यांना आधी कळलं नव्हतं.

"हो काका," मी म्हणाले. "आम्ही त्यातले. आणि काकूंना सांगा, आमच्यात गौरी नसतात."

मीटिंग दहा मिनिटांत संपली.

तीन दिवसांनी जेलनला सांगितलं, दुसरं कॉलेज बघ. दुसऱ्या मुलाला ठेवलं. वेळ द्यायचं ठरलं त्याला. माझ्या बोलण्याने काही वाकडं झालं असेल असंही नाही, आणि सरळ तर काहीच झालं नाही. जेलन येऊन म्हणाला, "मॅम, मला माझे सगळे प्लेज हवेत. पहिल्यापासून. बाकीच्या कोचना पाठवायचेत." मी दिले. त्याने पेनड्राइव्ह खिशात टाकला, हात पुढे केला, आम्ही हात मिळवला. तो गेल्यावर मी खूप वेळ पडद्याकडे बघत बसले. रडू आलं नाही.

त्याच आठवड्यात कोचनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज मऊ. "डॉक फार दुखावलेत. वय झालंय त्यांचं. तू एक फोन कर. सॉरी म्हण. टीमसाठी. तुझं कॉन्ट्रॅक्टही पुढच्या महिन्यात येतंय समोर."

"जेलनला कुणी सॉरी म्हटलं?" मी विचारलं.

"तो वेगळा विषय आहे."

"नाही," मी म्हणाले. कोचना वाटलं मी जेलनबद्दल बोलतेय. म्हणून पुन्हा सांगितलं, "फोन करणार नाही."

कॉन्ट्रॅक्टचं अजून कळलेलं नाही. नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत सामान बांधावं लागेल. मला भीती वाटते. बाबांना फोनवर सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "मोठ्याने सांगितलंस?" मी म्हटलं, हो. "बरं केलंस," एवढंच म्हणाले.

सोमवारी पुढची मीटिंग आहे. नव्या मुलांची यादी आली आहे. काका येणार आहेत, त्यांची खुर्ची कुणी काढलेली नाही. माझीही अजून काढलेली नाही. मी त्यांच्या शेजारीच बसणार आहे. आणि ते जे जे मराठीत बोलतील, ते ते मी इंग्रजीत सांगणार आहे. मोठ्याने. लगेच. सगळ्यांना ऐकू जाईल असं.