वाराच्या दिवशी आलेली जीप

पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला तेव्हा सगळं गाव आधी त्यात आपापलं घर शोधायला धावलं. मच्छेच्या कारखान्यांच्या पलीकडे आमचं माहेरचं गाव. बेळगाव वाढत वाढत तिथवर येणार, मग कुठे वस्ती होईल, कुठे कारखाने, कुठून रस्ते जातील, हे सगळं त्या नकाशात रंगवलेलं होतं. वस्ती पिवळी, कारखाने जांभळे, शेती हिरवी. माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, भाताचं शेत हिरव्यातच होतं. फक्त त्याच्या मधोमध एक जाड काळी रेघ गेली होती. रेघ म्हणजे रुंद रस्ता, हे कळायला कुणाला विचारावं लागलं नाही.

अण्णानं जन्मभर मच्छेच्या एका कारखान्यात पाळी केली आणि पाळीच्या आधी नाहीतर नंतर शेत केलं. कारखान्याबद्दल तो कधी बोलायचा नाही. शेताबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. निवृत्त झाला तेव्हा त्याला हार घातला, नारळ दिला, आणि हा घरी येऊन तसाच हारासकट बांधावर गेला. वहिनी म्हणाली, "बघा, नवरदेव निघाला." भात फुलोऱ्यात असताना त्या शेताला जो वास सुटायचा तो मला बेळगावात खासबागेतल्या माझ्या स्वयंपाकघरात शिजणाऱ्या तांदळाला कधी आला नाही. तांदूळ त्याच शेतातला असायचा, तरीही.

हरकती ऐकायची सभा पंचायतीच्या सभागृहात होती. अण्णानं मला निरोप धाडला, "तू मास्तरीण हाईस. तू बोलायचंस." मी शाळेतून रजा टाकून गेले, रात्री मुद्दे काढले, आणि सभेत मला तोंड उघडायची वेळच आली नाही. अण्णा उठला आणि आमच्या हेलाच्या कन्नडात सुरू झाला. रस्ता पाहिजे, त्याला आमची ना नाही, पण तो पश्चिमेच्या माळावरून न्या. तिथं खडक आहे, कुसळाशिवाय काही उगवत नाही. इथून नेला तर पाणी साठणारी भाताची जमीन जाईल, ती पुन्हा कुठून आणणार? टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होत्या, धारवाडकडच्या. त्यांनी लिहून घेतलं. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "आजोबा, तुमचं बरोबर वाटते. आम्ही येऊन बघतो. मंगळवारी. ज्यांची ज्यांची हरकत हाय त्यांनी आपल्या आपल्या शेतात उभं राहायचं, आम्हाला दाखवायचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा घरी येईपर्यंत रस्ता माळावर नेऊन मोकळा झाला होता. वहिनीला सांगितलं, शिरा कर. मलाही खरं वाटलं, कारण त्या बाईंच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती. सरकारी माणसांचं बोलणं ऐकण्यात माझीही हयात गेली आहे, मला फरक कळतो.

दोन दिवसांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं. गावदेवीची यात्रा ठरली, येत्या मंगळवारपासून वार पाळायचे.

आमच्याकडे यात्रेआधी असे वार पाळतात. त्या मंगळवारी शेतात पाऊल घालायचं नाही. औत बाहेर काढायचं नाही, पिठाची गिरणी बंद, धुणं बंद. त्या दिवशी शिवारात देवी फिरते, तिच्या वाटेत माणसानं यायचं नाही, असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं. मी सायन्स शिकवते, आणि तरीही माहेरी असले तर वार मोडत नाही. सवय म्हणा, भीती म्हणा. आईनं लावलेलं वळण आहे.

वहिनीकडून पुकाऱ्याचं कळलं तसा मी अण्णाला फोन केला. "अरे, मंगळवारीच ती माणसं येणार आहेत. त्या बाईंना कळवूया, बुधवारी या म्हणून."

"त्यास्नी ठाऊक न्हाय व्हय? ह्याच मातीतली माणसं हायती. चार गावांत भोंगा ऐकू जातोय."

"भोंगा बेळगावात नाही ऐकू येत अण्णा. मी फोन लावते."

"फोन लावलास तर माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. देवीआईच्या वाराला हापिसाची परवानगी मागायची? आजवर कुणी मागितली न्हाय. आमी दिसलो न्हाय तर त्यास्नी आपोआप कळंल. बुधवारी येतील."

मी चिडले, फोन आपटला. आमच्या घरात शपथ घालणं हे शेवटचं हत्यार, आणि अण्णा ते फार जपून वापरायचा. आईच्या आजारपणात एकदा, आणि आता. त्यामुळे मला काही करता येईना. गावातल्या बाकीच्यांनाही त्या बाईंना कळवायचं सुचलं नाही. प्रत्येकाला वाटलं, हे काय सांगायचं असतं?

मंगळवारी मी रजा काढून गेलेच. सगळे पुरुष आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून देवळाच्या कट्ट्यावर बसले होते. कट्ट्यावरून शिवार दिसतं. पेरणीआधीचे दिवस, शेतं नांगरून मोकळी, शेणखताचे ढीग तेवढे जागोजागी. ऊन चढल्यावर जीप आली आणि अण्णाच्या बांधाशी थांबली. त्या बाई उतरल्या. हातात नकाशाची गुंडाळी. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, थोडं थांबून पुन्हा दिला. त्या बाई बांधावरून जराशा आत गेल्या, तर कट्ट्यावर कुणीतरी "आई गं" म्हणून कानाला हात लावले.

मी उठले. अण्णा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बस गं."

बसले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि त्याच्याकडे पाहिलं तर त्याचे डोळे जीपवरून हलत नव्हते. शेत दाखवायला माणूस आला आहे आणि आपण इथे हात बांधून बसलो आहोत, हे त्यालाही सोसत नव्हतं. जीप बराच वेळ उभी राहिली, मग वळून गेली. धूळ खाली बसल्यावर एकेक जण कट्ट्यावरून उठला.

बुधवारी अण्णा उजाडायच्या आत शेतावर गेला. वहिनीनं भाकरी तिथेच पोचवली. रस्त्यावर कसलीही गाडी वाजली की हा बांधावर येऊन उभा राहायचा, टोपी सारखी करायचा. गुरुवारीही गेला. मग वहिनीनंच त्याला सांगितलं, "आता घरला चला."

पुढे निकाल आला. पाहणीच्या वेळी हरकत घेणारं कुणीही हजर नव्हतं, सबब रस्ता ठरल्या जागीच राहील. अण्णानं तो कन्नड कागद आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला, घडी घातली आणि गोठ्यात गेला. त्यानंतर मी त्याला बोल लावला नाही. लावायचं खूप मनात होतं, पण बोल लावायला समोर आधीचा अण्णा उरलाच नव्हता. बोलणं कमी झालं, शेतावर जाणं मात्र रोजचं राहिलं. शेवटच्या वर्षीचं भात त्यानं एरवीपेक्षा जास्त निगुतीनं केलं, मळणीला आम्हा सगळ्यांना बोलावलं. ते तांदूळ मी बरेच दिवस शिजवले नाहीत, मग टोके लागतील म्हणून शिजवले.

मग रस्त्याच्या हद्दीचे पिवळे दगड आले आणि त्यांच्यामागून जेसीबी. गावाला पुन्हा यात्रा लागली, पुन्हा वार पुकारले गेले. पहिल्या मंगळवारी मी माहेरीच होते. सकाळी अण्णा आंघोळ करून कट्ट्याकडे निघाला, तोच शिवाराकडून जेसीबीची घरघर ऐकू आली. तो थबकला. मग कट्ट्याकडे न जाता सरळ रस्त्याच्या कामाकडे चालायला लागला. वहिनी म्हणाली, "जा गं त्यांच्यामागं, काय बोलतील आणि काय न्हाय." मी गेले.

जेसीबीचा चालक गदगकडचा होता, पंचविशीतला. अण्णा कच्च्या रस्त्यावर, शेताच्या हद्दीबाहेर उभा राहिला, त्याला हात केला. यंत्र थांबलं. अण्णा कन्नडात एवढंच म्हणाला, "बाबा, आज आमच्या गावात वार आहे. आज माती उकरू नको. उद्या कर."

मला वाटलं, हा पोरगा आता साहेबाचं नाव सांगेल, उर्मट बोलेल. तो पटकन खाली उतरला, चप्पल काढली, जिथे खोदत होता त्या मातीला हात लावून कपाळाला लावला. म्हणाला, "आमच्या गावातही वार धरतात, अज्जा. मला ठाऊक नव्हतं, कुणी बोललंच नाही." मग त्यानं फोन करून काम बंद ठेवल्याचं कुणाला तरी सांगितलं, थोडं ऐकून घेतलं, "उद्या भरून काढतो" म्हणाला आणि झाडाखाली जाऊन बसला.

आम्ही परत फिरलो. मला बरं वाटलं होतं, मी काहीतरी हसून बोलणारही होते. गावाच्या तोंडाशी आल्यावर अण्णा उभा राहिला आणि त्यानं मागे वळून पाहिलं. जेसीबी त्याच्या शेतात गप्प उभा होता.

"ती बाई धारवाडकडची होती न्हाई गं?"

"हो."

"तिकडंबी पाळत असतील वार."

त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"सांगितलं असतं तर बुधवारी आली असती ती," अण्णा म्हणाला, आणि रस्त्यातच खाली बसला.