ओट्यावरचे म्हातारबा

साठ सालाच्या सुमारास मी शहाद्याला मास्तर होतो. तिथल्या बसस्टँडवर गुडघा न वाकणारे एक म्हातारबा रोज भेटत. त्यांचं नाव विचारायला त्यांनी मला कधी उसंतच दिली नाही. बसची पायरी फार उंच, म्हाताऱ्या-लंगड्यांना चढायला ओटा बांधा, एवढाच त्यांचा विषय. त्या अर्जावर त्यांनी माझी सात वेळा सही घेतली. दर वेळी म्हणत, "मागली सही नीट उनी नही," म्हणजे नीट आली नाही.

एकदा एस.टी.चे मोठे साहेब आले. म्हातारबांनी हात जोडले. "साहेब, एक पाय ताठ ठेवा आन चढी दखाडा." साहेब भले गृहस्थ. खरंच चढू लागले आणि दांड्याला लोंबकळत राहिले. महिन्याभरात ओटा झाला.

मग म्हातारबा दिवसभर त्या ओट्यावरच बसू लागले. गाडी आली की आधी त्यांना उठवावं लागे. स्वतः मात्र कधी चढले नाहीत.

शेवटी मी चिडवलं, "बाबा, एवढा ओटा बांधून घेतलात, आता जा की कुठंतरी."

तपकिरीची चिमूट ओढून ते म्हणाले, "माले कोठे जानं शे, मास्तर? पन पहिले माले चढता ये नव्हतं. आते चढता येस, पन मी मना मर्जीनं जास नही."