पिठावरचं ओलं फडकं

माझं एक वाक्य पुस्तकात छापून आलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत ते नाही.

तापीला मोठा पूर आला त्याच्या पुढच्या वर्षापासून मी सुरतेत रांदेरला एका घरी धुणंभांडी करत होते. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. मूळचे रत्नागिरीकडचे मुसलमान, त्यामुळे घरात मराठीच बोलत. स्वतःच्या कथा लिहायचे आणि अरबी कथा मराठीत आणायचे. मी खानदेशातली, चौथी शिकलेली, विधवा. मुसलमानाघरी काम धरलं म्हणून वस्तीत बायांनी नाकं मुरडली. मी मुरडू दिली.

एकदा पुण्याच्या प्रकाशकाने सरांचं अरबी कथांचं बाड परत पाठवलं. भाषा पुस्तकी आहे म्हणाला. सरांनी मला हाक मारली. "बाई, जरा बसा. मी वाचतो. कंटाळा येईल तिथे हात वर करा."

सरांच्या बायको, भाभी, आतून म्हणाल्या, "मग तिचा हात खालीच यायचा नाही."

मी तांदूळ निवडत ऐकायची. पहिल्याच दिवशी हात वर केला. "'तिने उद्गार काढला' म्हणजे काय? 'म्हणाली' लिहा की." सरांनी खोडलं. असं महिनाभर चाललं.

मग एका नावाड्याची कथा आली. पोरगा नदीत बुडतो आणि लोक आईला सांगायला येतात. आई छाती पिटते, ओढणी फाडते, गल्लीत धावत सुटते. दीड पान तेच. मी हात वर केला.

"कंटाळा आला?"

"नाही. खोटं वाटतं. बातमी आली की बाई असं करत नाही."

"मग काय करते?"

मी सांगितलं. माझा नवरा लूमच्या कारखान्यात होता. आम्ही त्याला खातं म्हणतो. तिथे त्याला करंट लागला. दोन माणसं दारात आली तेव्हा मी कणीक मळत होते. त्यांचं बोलणं ऐकलं, पिठावर ओलं फडकं टाकलं, हात धुतले आणि त्यांच्यासोबत गेले. रडले नाही, नंतरही नाही. शेजारीण सगळ्यांना आमच्या अहिराणीत सांगत फिरली, "हिना डोयामा पानी नही." आजही ती बाई समोर आली की मी रस्ता बदलते.

दीड पानावर सरांनी तिरकी रेघ मारली आणि लिहिलं, 'तिने मळलेल्या पिठावर ओलं फडकं टाकलं आणि ती त्यांच्यामागे निघाली.'

पुस्तक निघालं. पत्रं आली. एका पेपरात तर त्या फडक्याचंच कौतुक होतं. परदेशी लेखकाची नजर बघा, असं छापलेलं. सरांनी ते वाचून दाखवलं आणि चष्मा काढून ठेवला. त्यानंतर त्यांनी अरबी पुस्तक उघडलं नाही.

"पुस्तक गाजलं आणि माणूस जेवायचा बंद झाला," भाभी म्हणाल्या. "तूच विचार त्यांना."

मी विचारलं. सर म्हणाले, "ते फडकं मूळ कथेत नाही, बाई. लिहिणारा म्हातारा अजून जिवंत आहे आणि मी त्याच्या नावावर तुमचं वाक्य खपवलं. माझ्या कथेत घातलं असतं तर प्रश्न नव्हता. मी उलटा चोर झालो. दुसऱ्याच्या घरात माल ठेवून आलो. आता दुसरी आवृत्ती निघतेय. प्रकाशक म्हणतो, त्या वाक्याला हात लावू नका. तुम्ही काय म्हणता?"

"राहू द्या," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. ते पान मी मुलीला दाखवलं होतं.

आठवडाभर भांडी घासताना तेच डोक्यात होतं. मग एक दिवस हात पुसून सरांपुढे उभी राहिले. "तिकडच्या बाया खरंच अशा रडतात?"

"हो. त्या गावात तसंच रडतात. साऱ्या गल्लीला ऐकू गेलं पाहिजे."

"आणि एखादी नाही रडली तर?"

"लोक म्हणतील, हिला मुलाचं काही नव्हतं."

मला जे ऐकावं लागलं होतं, तेच मी त्या बाईच्या वाट्याला आणलं होतं. तिच्या गल्लीत, तिच्या लोकांत.

"काढा ते," मी म्हटलं. "तिचं रडणं तिला परत द्या."

"नक्की?"

"माझ्यापायी तिला बोल कशाला? फडकं माझं आहे. तुमच्या एखाद्या कथेत घाला, नाहीतर राहू द्या."

"झालं ना?" भाभी म्हणाल्या. "आता उठा, पानं घेतली आहेत." सर उठले. भात दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या आवृत्तीचं पुस्तक त्यांनी मला दिलं. घरी नेऊन बोट ठेवत ठेवत वाचलं. ती छाती पिटते, ओढणी फाडते, गल्लीत धावते. दीड पान रडते. मी हात वर केला नाही.