टीव्हीतल्या बाईंचा निरोप

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी नववीला विज्ञान शिकवते. तरी हे लिहितेय, कारण माझा धाकटा भाऊ बापू म्हणाला, "ताई, कुठं बोलू नको, लोक हसतील." हसू देत की!

माहेर तिसगावचं. घरात शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. तेव्हा चॅनेल एकच, आणि तेही ठरल्या वेळी बंद व्हायचं. शेवटी निवेदिका हात जोडून "नमस्कार" म्हणायच्या... आणि आमची आई पदर सावरून उलट नमस्कार करायची. "या बाई उद्या!" अगदी दारापर्यंत पोचवायला गेल्यासारखी. चुलीपाशी तिला उशीर झाला की आण्णा, म्हणजे माझे वडील, ओरडायचे, "आगं, बाई हात जोडून उभी हाय, बोल की!" तिचं बोलून झाल्याशिवाय त्यांनी बटण कधी बंद केलं नाही. आता चॅनेल झोपतच नाहीत, निरोप कोण कुणाला देणार? तो नमस्कार आठवला की मला अजून भरून येतं.

आई गेली. पाठोपाठ आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, फार आशा ठेवू नका. मी मात्र ठेवली. एकदा तरी त्यांचा आवाज ऐकायचा होता मला, बाकी काही नको.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईला मी केडगावहून तिसगावला गेले. बापूनं भंगारवाल्याला बोलावलं होतं. भर सकाळी, लख्ख उजेडात टीव्ही ओट्यावर आणला. वायर उंदरांनी खाल्लेली, अँटेना तर पत्र्यावरून केव्हाच उतरवलेली. आण्णा मागे खुर्चीत बसले होते. काच फुटलीय का बघायला भंगारवाल्यानं शटर सरकवलं... आणि आत बाई! हात जोडलेल्या, गालात हसू. आवाज नाही.

"चालू हाय की! मंग इकता कशाला?" भंगारवाला म्हणाला.

बापू दोन पावलं मागं सरकला. बाई मात्र हलेनात, तशाच थांबलेल्या.

तेवढ्यात मागून जाड, अडखळता आवाज आला. "आगं... बाई... उभी हाय. बोल की!"

आण्णा!

उत्तर द्यायला आई नव्हती. मला रडू फुटलं. तशीच हात जोडून म्हणाले, "या बाई उद्या." चित्र आक्रसत एका ठिपक्यात गेलं आणि विझलं.

बापू म्हणतो, ऊन चमकलं असेल. अरे, ऊन काय निरोपाची वाट बघत थांबतं? आणि भंगारवाल्याला दिसलं त्याचं काय? डॉक्टर म्हणतात, येते कधीकधी वाचा परत. येत असेल! पण नेमकी तेव्हाच? खूप डोकं खाजवलं, एकही स्पष्टीकरण पटत नाही. नाही तर नाही! टीव्ही मी विकू दिला नाही.

काल आण्णांना फोन लावला. एकटीनंच बोलायची सवय झालेली, त्यामुळे मी आपली सुटलेच होते — शाळा, पोरं, भाजीचे भाव... मध्येच पलीकडून आण्णा म्हणाले, "सुमे, जरा मला बी बोलू दे की!"