संचालकसाहेबांची मोळी

परतवाड्याजवळच्या आमच्या साखर कारखान्यानं ऊस कधी पाहिलाच नाही. चिमणी उभी राहिली, संचालकांसाठी कमानींचा बंगला झाला आणि काम थांबलं. आता शेडचे पत्रे गेलेत, बंगल्यात बकऱ्या बसतात. माझे शेजारी, माजी संचालकसाहेब, मात्र कडक इस्त्रीच्या खादीत दर दसऱ्याला तिथं गाळपाआधीचं मोळीपूजन करतात. ऊस बसस्टँडवरच्या रसवंतीतून आणतात.

यंदा मलाही नेलं. नारळ फोडून त्यांनी भाषण ठोकलं, "औंदा कारखाना सुरू करून राहिलो!" मग माझ्याकडे वळले. "कावून गप हायेस बे? टाळ्या वाजव ना!"

मी वाजवल्या. बकऱ्या पळाल्या.

परतताना त्यांनी मोळी रसवंतीवाल्याला दिली. "पीळ बाप्पा, बरफ कमी टाकजो."

आम्ही एकेक ग्लास घेतला. कारखान्याचं ते पहिलंच गाळप.