सुमनबाईंनी घेतलेली हजेरी

सुमनबाई तपासणीला आल्या की आधी मला माझ्याच अंगणवाडीतून हाकलून द्यायच्या. दारात चपला काढायच्या, पदराने मान पुसायच्या आणि म्हणायच्या, "जा, भाईर जाऊन बस. पोरांचं मी बगते. आन् काय काम करायचं न्हाई. झाडू दिसला तरी हात लावायचा न्हाई."

त्या आमच्या पर्यवेक्षिका. राहायला भोरमध्ये, माहेर कामथडीचं. हिर्डोशीपर्यंत एसटी, ती मिळाली तर, आणि पुढे आमच्या वस्तीचा चढ पायी. एवढं चढून आलेलं माणूस वजनकाटा बघेल, खिचडी चाखेल, चार चुका काढेल, अशी माझी समजूत. बाई मात्र पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसायच्या आणि मी बाहेर पायरीवर. पहिल्या वेळी मला ती शिक्षाच वाटली. आमच्या मदतनीस हौसाक्का तर कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, तुमाला काडून टाकलं वाटतं!"

नुसतं बसणं इतकं अवघड असतं, हे मला ठाऊक नव्हतं. एकदा न राहवून मी हळूच तांदूळ निवडायला घेतले, तर आतून हाक आली, "म्या काय सांगितलं?" भिंतीपलीकडचं त्यांना कसं कळायचं, देव जाणे.

"बाई, यानं होतं तरी काय?" मी चिडून विचारलं.

"मला तरी कुठं ठावं? पर पोरं दमली की तू निजवतीस. तू दमलीस की तुला कोण निजवतंय?"

या उत्तराने माझा गोंधळ वाढलाच.

मग एका पावसाळ्यात सोनी गेली. वरच्या धनगरवाड्यातली, अजून पहिलीतही न गेलेली. ताप उतरत नव्हता म्हणून मी तिच्या आईच्या मागे लागले होते, पण दरड कोसळून रस्ता बंद होता आणि दवाखाना गाठेपर्यंत फार उशीर झाला. कुणी मला बोल लावला असता तर मी भांडले तरी असते. कुणीच काही बोललं नाही. मी रोज अंगणवाडी उघडायचे, गाणी म्हणून घ्यायचे, पण हजेरी घेणं बंद केलं होतं. आमच्याकडे प्रत्येक पोराची नाव घातलेली कापडी पिशवी भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. सोनीची पिशवी काही मला काढवेना. शेवटी ठरवलं, ही नोकरी आपल्याच्याने होणार नाही. त्यानंतर बाई आल्या, तेव्हा दारातच तसं सांगून टाकलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आदी भाईर जाऊन बस."

मी तणतणत पायरीवर बसले. आत बाई एकेक पिशवी वाचून हजेरी घेऊ लागल्या. ओंकार. हजर. श्रावणी. हजर. आणि मग मोठ्याने, स्पष्ट, "सोनी."

मग श्रावणीचा आवाज आला, "बाई, सोनी मेली."

बराच वेळ बाई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "व्हय का... मंग मला सांगा, कशी व्हती सोनी?"

पोरांना तेवढंच हवं होतं. सोनी चावायची. खिचडीतले वाटाणे दुसऱ्याच्या ताटात टाकायची. शेळीवानी लई भारी वरडायची. ओंकारने तसं ओरडून दाखवलं आणि सगळी पोरं खदखदून हसली. मला राग आला, रडू आलं आणि मध्येच हसूही फुटलं. मला काय होतंय तेच कळेना. उठून आत गेले, "माझ्या पदराला नाक पुसायची," एवढं म्हणाले आणि पोरांसमोर भोकाड पसरलं. हौसाक्का पाणी घेऊन धावल्या. बाई सतरंजीवर तशाच बसून होत्या, चेहरा पांढराफटक.

मी नोकरी सोडली नाही. बाईंनी किती शहाणपणाने मला मोकळं केलं, ते मी प्रत्येक नव्या सेविकेला सांगत आले.

निवृत्तीनंतर बाई लेकीकडे राहायला निघाल्या, तेव्हा मी त्यांना पोचवायला भोरच्या एसटी स्टँडवर गेले. म्हटलं, आज बोलायचंच. "बाई, त्या दिवशी तुम्ही सोनीचं नाव घेतलंत, म्हणून मी टिकले."

बाई बाकावर बसल्या.

"अगं, मला म्हाईत न्हवतं. एक पोर गेलं एवढंच कानावर आलं व्हतं, नाव कुणी सांगितलं न्हवतं. मी आपली पिशव्या वाचत गेले. ती पोरगी 'मेली' म्हनली आन् माजी जीभच उचलंना. काय तरी बोलायचं म्हनून इचारलं. तू रडत आत आलीस तवा वाटलं, म्या तुला पार मोडून टाकलं. कितींदा म्हनलं, तुला इचारावं. छाती झाली न्हाई. माफ कर गं मला."

मी आभार मानायला आले होते. दर महिन्याच्या बैठकीत आम्ही शेजारी बसून चहा प्यायलो होतो, आणि ज्या दिवसाने मला सावरलं तोच दिवस त्यांना इतकी वर्षं आतून खात होता. मला बाहेर बसवून विश्रांती देणाऱ्या या बाईला मी एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्ही कशा आहात?

गाडी लागली. मी त्यांचा हात धरला. "बाई, मी राहिले ना," एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी मान हलवली आणि त्या चढल्या.

ते माफ करणं होतं की आभार, मला अजून कळलेलं नाही. त्यांना कळलं असेल तर बरं. विचारायला आता त्या नाहीत.