उलीपाची आई

उलीपा आमच्या प्रांताच्या सभागृहात साफसफाई करायची, आणि तिची आई तिथेच सभासद होती. आई तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मिशीवाली, नाव मोसेसी तौकी. उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या इकालुइटमध्ये याचं कुणाला नवल नाही. दक्षिणेकडून नोकरीला आलेले गोरे मात्र मला विचारत, ही बाई त्या बाप्याला आई का म्हणते? मी तिथली दुभाषी. काचेच्या खोलीत बसून इकडचं बोलणं तिकडं करायचं हे माझं काम, पण याचं इंग्रजी मला कधी धड जमलं नाही.

उलीपा नऊ वर्षांची असताना क्षय तपासणारं जहाज आलं. तिची जन्मदाती आई तौकी तपासून घ्यायला म्हणून वर चढली आणि तिला परत खाली उतरूच दिलं नाही. निरोपसुद्धा न घेऊ देता दक्षिणेच्या दवाखान्यात नेलं. पुढच्या वसंतात पाद्री सांगत आला की ती गेली, तिकडेच पुरली. तिकडे म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात शेजारच्या तंबूत मुलगा झाला. त्याला तौकीचं नाव दिलं. आमच्यात नाव दिलं की गेलेलं माणूसच परत येतं, तशी उलीपाची आई घरी आली.

उलीपानं त्या आईला अंगरख्याच्या पाठीवरच्या टोपीवजा झोळीत घालून वाढवलं. चार वर्षांचा मोसेसी ऐटीत म्हणायचा, "पोरी, नाक पूस!" आणि ती मुकाट्यानं पुसायची. बाराव्या वर्षी त्यानं पहिला सील मारला, तो अख्खा तिच्या दारात आणून टाकला. "घे पोरी, खा. किती वाळलीस!" त्या दिवशी ती ओक्साबोक्शी रडली.

मला मोसेसी कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. गोड बोलायचा आणि बोलताना घड्याळ बघायचा.

सभागृहातली बाकं सीलच्या कातड्याची. उलीपा ती केसांच्या कलानं ब्रशनं साफ करायची आणि मोसेसीचं बाक शेवटी, सगळ्यात सावकाश. दुसरी कामवाली चिडवायची, "बाक पुसतेस की आईची पाठ चोळतेस?"

"तुझीही चोळते, ये. पण एवढा ब्रश पुरायचा नाही," उलीपा म्हणायची.

तिचं एकच मागणं होतं. नाव परत आलं होतं, हाडं तिकडेच होती. तिला आईचं थडगं बघायचं होतं. त्या दवाखान्याकडे पुरलेल्या माणसांची यादी होती, नावांऐवजी नंबरांची, आणि सभासदाचं पत्र गेल्याशिवाय ते ती उघडत नव्हते. मोसेसीनं एक पत्र लिहायचं होतं, बस्स. "पुढच्या अधिवेशनात, पोरी," असं तो चार वर्षं सांगत राहिला.

मग मंत्री निवडायचा दिवस आला. आमच्याकडे पक्ष नाहीत. सगळे सभासद एकत्र बसतात, उमेदवाराला सगळ्यांदेखत प्रश्न विचारतात आणि निवडतात. मोसेसी उभा होता. उलीपानं सुट्टी काढली, मण्यांचा ठेवणीतला अंगरखा घातला आणि वरच्या सज्जात कानात यंत्र लावून बसली. तिला इंग्रजी येत नाही. त्या यंत्रातून तिला माझाच आवाज ऐकू येत होता.

एका म्हाताऱ्या सभासदानं थट्टेनं विचारलं, "मोसेसी, मंत्री झालास तर आधी कुणाचं काम करणार? त्या झाडूवाल्या लेकीचं?"

सभागृह हसलं. दक्षिणेचे पाहुणे बसले होते, कॅमेरे चालू होते. सकाळभर आमच्या भाषेत बोलणारा मोसेसी एकदम इंग्रजीत शिरला.

दुभाष्याचा नियम असा की बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. तो बोलला आणि मी उलीपाच्या कानात म्हणाले, "माझं त्या बाईशी काही नातं नाही. तिची आई दक्षिणेत मेली आणि मेलेली माणसं परत येत नसतात. तिच्या खुळ्या समजुतीला मी काय करणार?"

मला खोकता आलं असतं. बटण बंद करता आलं असतं. मी शब्द न् शब्द पोचवला, त्याचा तोरासुद्धा पोचवला. कामाचा अभिमान होता ना मला! या असल्या समजुतींना कुणी खुळं म्हणू नये म्हणूनच तर आम्ही हे सभागृह बांधलं होतं.

म्हातारा सभासद मान खाली घालून बसला. मोसेसी निवडून आला. उलीपानं यंत्र काढलं, वायर नीट गुंडाळली आणि खुर्चीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळी बाकं साफ केली, एक सोडून.

वसंतात तिच्या भाच्याच्या कुत्रीला पिल्लं झाली. पूर्वी तान्हं मूल नसलं तर गेलेल्याचं नाव कुत्र्याला देत. उलीपानं एक लंगडं पिल्लू उचललं, त्याचं नाव तौकी ठेवलं आणि रोज सभागृहाच्या दारात आणून बांधलं. "आई, खा गं. आई, उन्हात बस." अख्ख्या गावाला हसायला निमित्त मिळालं. दुकानात लोक मोसेसीला विचारू लागले, "मंत्रिसाहेब, आज चारच्या ऐवजी दोनच पाय कसे?" तो हसून घालवायचा. पण दाराशी आला की त्याची चाल बदलायची, ते मी काचेतून बघत होते. त्यानं 'पोरी' म्हणून हाक मारावी असं आता गावात कुणी उरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तो पायऱ्या उतरला. मीही मागेच होते. उलीपा कुत्र्याला मासा भरवत होती. त्याच्या हातात पाकीट होतं.

"पोरी," तो आमच्या भाषेत म्हणाला, "सापडली. थडग्याचा नंबर आलाय. मी स्वतः नेतो तुला."

कुत्र्याच्या मानेवरचा तिचा हात थांबला. बोटं केसांत रुतली. पन्नास वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती.

"आई," ती कुत्र्याला म्हणाली, "भुंकू नको गं. परका माणूस आहे, जाईल आत्ता."

कुत्रं भुंकत नव्हतंच.

 मोसेसीनं पाकीट माझ्या हातात कोंबलं. "तू वाचून दाखव. तुझं ऐकते ती."

"ऐकायची," मी म्हणाले.

पाकीट माझ्या खणात आहे. उलीपा रोज माझी काच पुसते, टेबल पुसते, त्या खणाची मूठसुद्धा पुसते. नंबर मला पाठ झालाय. तिनं विचारलं तर लगेच सांगेन, पण त्या निवडीच्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही.